नऊ नंबरचा उतरलेला रंग

शिवशरण कलशेट्टी आमच्या प्रयोगशाळेत कामाला आले तेव्हा त्यांच्या नखांच्या कडा निळ्या होत्या. एकोणीस वर्षं त्यांनी चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात काढली होती. कारखाना बंद पडून चार महिने झाले होते, पण तो निळा काही निघाला नव्हता. मी हातांकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"निघंल की म्याडम," ते म्हणाले. "रंग पक्का होता, एवढंच."

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्याकडे प्रयोगशाळेसाठी माणूस हवा होता: काचसामान धुणारा, झाडलोट करणारा, वेळेवर दिवे लावणारा. कलशेट्टी मूळचे कर्नाटकच्या सीमेजवळच्या मैंदर्गीचे. शिक्षण दहावीपर्यंत, वय पंचेचाळीसच्या पुढे, घरात कन्नड, बाहेर मराठी. कारखान्यात काय करत होता असं विचारल्यावर म्हणाले, "शेड मिळवत होतो." गिऱ्हाइकानं कापडाचा एक तुकडा आणून द्यायचा आणि यांनी सुताच्या लडीवर तोच रंग उतरवायचा. यंत्र नाही, मोजमाप नाही. डोळ्यांनी.

पहिल्याच आठवड्यात मुलांची कुरकूर सुरू झाली की काका एक फ्लास्क धुवायला दहा मिनिटं लावतात. मी जाऊन बघितलं. साबणानं धुऊन झाल्यावर ते प्रत्येक फ्लास्क सहा पाण्यांतून काढत होते, मग उजेडात धरून आतली काच निरखत होते.

"साबण ऱ्हायला की लडीवर डाग पडतो," ते म्हणाले. "तुमचं हे शेवाळ तर जित्तं हाय. त्याला किती तरास होत असंल."

मी मुलांना सांगितलं की इथून पुढे काचसामान काकांच्याच पद्धतीनं धुवायचं.

आमचं हे शेवाळ समुद्रातलं होतं. सोलापुरात बसून समुद्रातल्या शेवाळावर काम करते म्हणून माझी बरीच थट्टा झालेली आहे. पण पीएच.डी. मी कोकण किनाऱ्यावर केली, आणि तिथून आणलेल्या एकपेशीय शैवालांचे चौदा वाण मला सोडवेनात. त्यांना डायटम म्हणतात. एक एक पेशी म्हणजे काचेची डबी असते, डोळ्यांना न दिसणारी. लाखोंनी एकत्र वाढल्या की पाणी सोनेरी तपकिरी दिसतं. फ्लास्कमधून ते वाढवायचे तर समुद्राचं पाणी लागतं, ते आम्ही इथंच क्षार घालून बनवायचो. पहिल्या वर्षानंतर ते काम कलशेट्टींकडे गेलं. ते असे क्षार तोलायचे की पाण्याचा खारटपणा कधी दशांशानंसुद्धा हलला नाही.

एसीच्या छोट्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, चौदा फ्लास्क रांगेत ठेवलेले असायचे. माझी संशोधक विद्यार्थिनी रेश्मा त्यांना आकड्यांनी ओळखायची. उजनीच्या बॅकवॉटरकाठच्या गावातून आलेली ही मुलगी हुशार, पण जरा घाईची. कलशेट्टी फ्लास्कना रंगानं ओळखायचे. "एक नंबर बिनदुधाच्या चहासारका. पाच खारकेचा. नऊ गुळवणीचा, ताज्या." चार नंबर आणि अकरा नंबरबद्दल मात्र ते नेहमी कुरकुरायचे. "ह्यांची शेड भरंना. दोन वर्षं बघतोय, जरा मळकीच ऱ्हातीय." आम्ही त्याकडे लक्ष दिलं नाही. वाण वेगळा, रंग वेगळा, असं आम्ही धरून चाललो होतो.

गोष्ट घडली ती मे महिन्यात. रेश्मा कोकणातून समुद्राचं खरं पाणी घेऊन आली होती. बारीक गाळणीतून गाळून तिनं ते प्रत्येक वाणाच्या एका जादा फ्लास्कमध्ये थोडं थोडं घातलं. खऱ्या पाण्यात वाढ बरी होते का, हे तिला बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कलशेट्टी माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"म्याडम, नऊ नंबर अर्धी शेड उतरलाय."

मी जाऊन बघितलं. मला काहीच फरक दिसला नाही. रेश्मानं पेशी मोजल्या. आकडा कालच्याइतकाच आला.

"काका, तुम्हाला भास झाला," ती हसून म्हणाली.

"असंल," ते म्हणाले, पण पुन्हा एकदा फ्लास्क उचलून खिडकीपाशी घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी त्या फ्लास्कमधलं पाणी नळाच्या पाण्यासारखं झालं होतं. तळाशी नुसता पांढुरका गाळ. रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही धसका बसला. कुठून तरी जंतू शिरले असणार, आणि एका फ्लास्कमधून ते बाकीच्या फ्लास्कमध्ये जायला वेळ लागत नाही. मी सांगितलं, "उकळा आणि टाकून द्या. लगेच."

कलशेट्टी हलले नाहीत.

"म्याडम, एक बोलू का? उन्हानं रंग उडतो तो वरनं उडतो. साबणानं, तेलानं उडतो तो डाग डाग उडतो. ह्यो सगळीकडनं सारका उतरला. पाण्यात घाण पडली असती तर पाणी गढूळ झालं असतं की. हे तर निवळलंय. जे काय झालंय ते त्या शेवाळाच्या आत झालंय. एक दिस ठेवू या."

मला मीटिंगला जायचं होतं, बाहेर त्रेचाळीस अंश होतं, आणि माझ्या सहा वर्षांच्या कामाला कीड लागल्यासारखं मला वाटत होतं. मी म्हणाले, "कलशेट्टी, तुम्ही फ्लास्क धुवा. बाकीचं आम्ही बघतो."

हे वाक्य मी त्यांना बोलले. ते गाळून ही गोष्ट सांगता येणार नाही, म्हणून सांगते.

ते "बरं" म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रीज उघडला तर खालच्या कप्प्यात, दोन पिशव्यांत नीट बांधून, नऊ नंबरचा फ्लास्क ठेवलेला. वर एक चिठ्ठी चिकटवलेली, त्यांच्या मोठ्या, सरळ अक्षरात: "हे टाकायचे आहे. टाकण्याआधी मॅडमनी एकदा दुर्बिणीतून बघावे. नाही बघितले तर अकरा वाजता टाकतो. शि. कलशेट्टी."

साडेदहा वाजले होते. मी एक थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

जंतूंची गर्दी कुठंच नव्हती. होत्या त्या फक्त काचेच्या डब्या, हजारो, सगळ्या रिकाम्या. आतला जीव पार विरघळून गेलेला. मी खुर्चीत मागे रेलले आणि हाक मारली, "कलशेट्टी, टाकू नका."

मग आम्ही काम रीतीनं केलं. ते निवळलेलं पाणी जंतू अडवणाऱ्या गाळणीतून दोनदा गाळलं आणि चौदाही वाणांच्या नव्या फ्लास्कमध्ये एकेक थेंब सोडला. मी कलशेट्टींना एक वही दिली आणि म्हणाले, "रोज तीनदा बघा. जे दिसेल ते लिहा. तुमच्या शब्दांत लिहा." ते खोलीतल्या ट्यूबखाली फ्लास्क बघायचेच नाहीत. एकेक उचलून उत्तरेच्या खिडकीपाशी न्यायचे, पांढऱ्या कागदापुढे धरायचे, बघायचे आणि मगच लिहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळची नोंद होती: "नऊ, पाव शेड खाली. बाकी तेरा जागेवर." संध्याकाळची: "नऊ, अर्धी शेड. उद्या दुपारपर्यंत उतरणार."

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता नऊ नंबर निवळला. उरलेले तेरा जसेच्या तसे होते.

गाळणीतून जाईल इतका बारीक, आणि चौदांतला नेमका एकच वाण मारील इतका चोखंदळ. असा विषाणूच असतो, आणि तो रेश्मानं आणलेल्या समुद्राच्या पाण्यातून आलेला. रेश्मानं आनंदानं कलशेट्टींचे दोन्ही हात धरले. त्यांना अवघडल्यासारखं झालं.

"पण म्याडम," ते मला म्हणाले, "विषाणू तर कोरोनाचा. शेवाळाला बी अस्तो?"

मी त्यांना सांगितलं की समुद्राच्या चमचाभर पाण्यातसुद्धा लाखो विषाणू असतात आणि त्यांतले बहुतेक आपल्या वाटेलाही जात नाहीत. काहींचा आनुवंशिक मजकूर डीएनएत लिहिलेला असतो, काहींचा आरएनएत. डीएनए टिकाऊ, आरएनए नाजूक. पेशीत डीएनए जपून ठेवलेला असतो आणि कामापुरती त्याची नक्कल काढतात, ती आरएनएची. ते म्हणाले,

"म्हंजे मागावरच्या नक्षीच्या कार्डांगत. मूळ कार्डं कपाटात, मागावर नक्कल. आणि हा विषाणू सोताची खोटी नक्कल मागावर चढवतो. माग बिचारा तीच नक्षी विनत बसतो."

मी वीस वर्षं हे शिकवतेय. त्या दिवसापासून दरवर्षी मी ते याच शब्दांत शिकवते, आणि कुणाचे शब्द आहेत तेही सांगते.

आमचा विषाणू आरएनएचा निघाला. पण त्याची ओळख पटवायला तो मजकूर पुण्याच्या एका संस्थेत वाचून घ्यावा लागणार होता, आणि आरएनए तिथवर टिकेना. रेश्मानं दोनदा नमुने पाठवले, दोन्ही वेळा तुकडे तुकडे होऊन पोचले. आरएनएला माणसाच्या बोटांचा घामसुद्धा पुरतो. नुसत्या हातानं काच धरली तरी त्या घामातलं द्रव्य काचेला चिकटून राहतं आणि उकळूनही जात नाही. हे कळल्यावर कलशेट्टींनी काचसामान स्वतःकडे घेतलं. भट्टीत रात्रभर भाजायचं, कागदात गुंडाळायचं, हातमोज्यांशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या लिंगाशेजारी दोऱ्यात बांधली. मीही मागितली तर आधी हात बघायचे.

तिसऱ्या वेळी कोरड्या बर्फाची पेटी मांडीवर घेऊन ते स्वतः सकाळच्या गाडीनं पुण्याला गेले. संस्थेतून फोन आला, "आरएनए अखंड आहे. कुणी काढला?" मी म्हणाले, "रेश्मानं काढला. काच कलशेट्टींची."

विषाणू नवा होता. आजवर कुणी नोंदवलेला नव्हता. प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. मी निबंध लिहायला घेतला. आणि एक दिवस मेज पुसता पुसता कलशेट्टींनी विचारलं,

"म्याडम, बाकीच्या बाटल्यांत विषाणू न्हाय हे कशावरनं?"

"मेल्या नाहीत ना त्या."

"मेलं तरच दुखणं असतं का? चार आणि अकराची शेड दोन वर्षं भरंना. त्यांना अंगातल्या अंगात कायतरी असंल की."

मी लेखणी खाली ठेवली. रेश्मानं माझ्याकडे बघितलं. दोघींच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता.

चौदाही वाणांमधला आरएनए काढला, वाचून घेतला. त्याला सात महिने लागले. नऊ नंबरचा धरून अकरा वेगवेगळे आरएनए विषाणू निघाले. नऊ नंबरचा तेवढा जीव घेणारा. बाकीचे दहा आपापल्या शैवालात निमूट राहत होते, त्याला मारत नव्हते आणि सोडतही नव्हते. चार नंबरमध्ये तीन होते, अकरामध्ये दोन. काहींचे जवळचे नातेवाईक आजवर फक्त बुरशीत सापडले होते. सहा तर असे, की त्यांना कोणत्या कुळात बसवावं हेच कळेना. आमच्या एसीच्या खोलीत, साध्या फळीवर, एवढं विश्व बसलेलं होतं. एका विषाणूवरचा आमचा निबंध आता शैवालांतल्या विषाणूंच्या वैविध्यावरचा निबंध झाला.

लेखकांची नावं लिहिताना मी माझं आणि रेश्माचं लिहिलं, आणि तिसरं कलशेट्टींचं. निबंध मी आरएनए वाचून देणाऱ्या पुण्याच्या संस्थेतल्या सरांना वाचायला पाठवला होता, त्यांचा फोन आला. माणूस सज्जन, पण शिस्तीचा.

"मॅडम, प्रयोगशाळेतल्या परिचराचे आभार मानायचे असतात. लेखक म्हणून नाव घालायचं तर त्यांचं वैज्ञानिक काम दाखवावं लागेल."

"दाखवते," मी म्हणाले. "सोलापूरला या."

ते आले. वही त्यांनी आधी चाळली. चारशेच्या वर नोंदी. रेश्मानं त्या नोंदी पेशींच्या आकड्यांशेजारी मांडून ठेवल्या होत्या. मोजणीत घट दिसायच्या आधी अठरा-वीस तास कलशेट्टींनी "पाव शेड खाली" असं लिहिलेलं होतं. एकदा नव्हे, प्रत्येक वेळी.

"योगायोगही असू शकतो," सर म्हणाले. "मी स्वतः बघतो."

त्यांनी नऊ नंबरच्या वाणाचे दहा फ्लास्क मागवले आणि आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. काहींत त्यांनी विषाणू घातला, काहींत साधं खारं पाणी, आणि चिठ्ठी खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कलशेट्टींना बोलावलं. सगळा विभाग दारात जमला होता. मला दहाही फ्लास्क सारखेच दिसत होते. सरांनाही.

कलशेट्टींनी एसीच्या खोलीत बघायला नकार दिला. "हितं ट्यूबचा उजेड खोटा हाय." दहाही फ्लास्क उत्तरेच्या खिडकीपाशी मांडले. पांढरा कागद धरून ते एकेक बघत गेले. पाच मिनिटं, सात मिनिटं. मग त्यांनी चार फ्लास्क डावीकडे सरकवले.

"ह्यांना लागण झालीय."

पाच उजवीकडे ठेवले. "ही चांगली हायती."

दहावा हातातच राहिला. त्यांनी तो खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"ह्यो मला सांगता येईना, सर. उतरलाय, पन त्या उतरन्यागत न्हाय. खोटं कशाला सांगू?"

सरांनी खिशातली चिठ्ठी काढली. डावीकडचे चारही बरोबर. उजवीकडचे पाचही बरोबर. दहाव्यात त्यांनी विषाणू घातलाच नव्हता. तो दोन आठवडे जुना, अन्न संपत आलेला फ्लास्क मुद्दाम मिसळलेला होता.

सरांनी चिठ्ठीची घडी घातली. कलशेट्टींपुढे गेले आणि हात जोडून म्हणाले, "तुमचं पूर्ण नाव कसं लिहायचं ते सांगा."

कलशेट्टींनी हातातला पांढरा कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "शिवशरण गुरुलिंग कलशेट्टी. मधलं नाव पुरं लिवा सर. नुसतं 'जी' नको."

दारातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझा चेहरा मुलांना दिसायला नको होता.

निबंध गेल्या वर्षी छापून आला. आता आमच्याकडे बाहेरच्या विद्यापीठांतली मुलं शिकायला येतात, आणि पहिले दोन दिवस मी त्यांना कलशेट्टींकडे देते. पहिल्या दिवशी काच धुणं, दुसऱ्या दिवशी बघणं. नजर दुसऱ्याला कशी द्यायची, हा प्रश्न त्यांनीच सोडवला. घरी चुलीवर पातेलं ठेवून त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, मायाक्कांनी, सुताच्या चोवीस लड्या चोवीस तपकिरी छटांत रंगवल्या आणि पुठ्ठ्यावर ओळीनं गुंडाळल्या. प्रत्येक छटेला नंबर. फ्लास्क शेजारी धरायचा आणि नंबर लिहायचा. रेश्मा आता पाव शेड ओळखते. मी अजून अर्ध्यावरच आहे.

निबंधाची प्रत हातात आल्यावर कलशेट्टी म्हणाले, "म्याडम, मैंदर्गीला यायला पायजे तुमी. अप्पांना दाखवायचं हाय."

रविवारी रेश्मा आणि मी गेलो. मायाक्का सकाळीच पुढे गेल्या होत्या, शेंगापोळ्यांचा खमंग वास गल्लीपर्यंत येत होता. अप्पा, म्हणजे गुरुलिंग कलशेट्टी, वय चौऱ्याऐंशी, कट्ट्यावर बसलेले. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस, सहीच्या जागी अंगठा लावणारा. मराठी कळतं, बोलणं कन्नडच. कलशेट्टींनी प्रत त्यांच्या हातात दिली. अप्पांनी ती उलटीसुलटी करून बघितली.

"नन्न हेसरु येल्लैती?" माझं नाव कुठंय?

"इल्लैती, अप्पा." इथं आहे, म्हणत कलशेट्टींनी त्यांचं बोट धरलं आणि पहिल्या पानावर नेमक्या जागी टेकवलं. एकेक अक्षर वाचत गेले, गु, रु, लिं, ग, आणि बोट अक्षरांवरून पुढे सरकवत राहिले. अप्पांनी पुन्हा सुरुवातीपासून वाचायला लावलं.

"हे कशाचं पुस्तक?" त्यांनी कन्नडमध्येच विचारलं; सोलापुरात राहून एवढं मला कळतं. लेकानं कन्नडमध्ये सांगितलं, समुद्रातल्या शेवाळाला होणाऱ्या दुखण्यांचं.

"तू काय केलास त्यात?"

"मी बघितलो, अप्पा."

"नुसतं बघितलास?"

कलशेट्टी हसले. मला राहवलं नाही. मी मराठीतच म्हणाले, "अप्पा, तुमच्या मुलाला जे दिसलं ते आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं. मला नाही, पुण्याच्या सरांना नाही."

अप्पा प्रत छातीशी धरून काठीच्या आधारानं उठले, कट्ट्याच्या टोकाशी गेले आणि समोरच्या घरातल्या शिवयोगी मास्तरांना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"मास्तर, बर्री इल्ली! नन्न हेसरु बंदैती!"

मास्तर, इकडं या. माझं नाव आलंय.